मांडीपट्ट्याची मोकळी कोर

मन्साराम, तू शुक्रवारी सकाळी गेलास. त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी मी कामठ्याच्या तलावाच्या पाळीवरून चालत होतो, असं टेकचंदचं म्हणणं आहे. त्या दुपारी मी गोंदियात, माझ्या घरी, खुर्चीत बसलो होतो. बातमी लिहायची असती तर ही वाक्यं एकाखाली एक ठेवून मी थांबलो असतो. त्यांच्यामधली जागा भरायचं काम बातमीदाराचं नसतं.

हे तुला लिहितो आहे, म्हणून पुढे जातो.

तुझ्या तेरवीला टेकचंद पंगतीत माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या धानाच्या बांध्या पाळीच्या अगदी खाली आहेत, हे तुला सांगायला नको. पान वाढून व्हायच्या आधीच त्याने तक्रार सुरू केली.

"काय जी, मंगळवारी पाळीवरून जाऊन राहिले होते. मी दोनदा हाक मारली. वळून बी नाई पाहिलं. रिटायर झालं का मानूस वळख बी इसरते का?"

"मंगळवारी मी इकडे आलोच नव्हतो."

"आता मलेच खोटं पाडता! थ्रेशर आलं होतं त्या दिवशी माह्या वावरात. थ्रेशर का रोज येते?"

मी त्याला सवयीचे प्रश्न विचारले. किती वाजता, किती लांबून, चेहरा दिसला का. तीन-साडेतीन वाजले होते. शंभरेक पावलांचं अंतर होतं. चेहरा दिसला नाही, डोक्यावरून चादर घेतलेली होती. मग तो मीच, हे कशावरून? टेकचंद हसला.

"चालन्यावरून. खट् वाजते, मंग घसरते. खट्, घसर. अख्ख्या तालुक्यात असं कोन चालते तुमच्याबिगर?"

तीन वर्षांचा असताना उजवा पाय पोलिओने गेला. तेव्हापासून मी लोखंडी कॅलिपरवर चालतो. दोन बाजूंना दोन सळया, मांडीला आणि पोटरीला कातड्याचे पट्टे, गुडघ्यापाशी एक कडं. उभं राहिलं की ते कडं खाली पडून गुडघा बंद होतो आणि खट् असा आवाज येतो. पुढचं घसरणं माझं. हा आवाज मी ज्या गावी बातमीला गेलो त्या प्रत्येक गावाला माहीत आहे.

शेवटचा प्रश्न मी केवळ यादी पूर्ण व्हावी म्हणून विचारला. घसरत होता तो पाय कोणता? टेकचंदने हात भातात तसाच ठेवला, डोळे मिटले आणि बसल्या जागी एकदा इकडे, एकदा तिकडे खांदा झुकवून पाहिला.

"डावा," तो म्हणाला. "हो, डावाच. तुमचा डावाच होय ना?"

माझा उजवा आहे.

सत्तावीस वर्षं तू या उजव्या पायाचं कातडं केलंस. कॅलिपर दवाखान्यातून मिळतं, पण दवाखान्याच्या लेखी मांडी ही एक गोल वस्तू असते. तुझ्या लेखी ती तशी नव्हती. तिला पुढचा भाग होता, आतला भाग होता, बसल्यावर घडी पडते ती जागा होती, आणि जांघेजवळची चार बोटं होती, जिथे एक चुकीचा टाका माणसाला आठवडाभर अंथरुणात ठेवतो. तू कधी टेप लावला नाहीस. दोन्ही हातांची बोटं मांडीभोवती जुळवायचास, मनात काहीतरी म्हणायचास आणि कातडं कापायला रापी उचलायचास.

आपलं पहिलं भांडण अस्तर चिकटवायच्या सुलोशनवरून झालं. मे महिना होता. नव्या मांडीपट्ट्याचं अस्तर घामाने आत सरकलं होतं आणि मी ते तुझ्यासमोर आपटलं. मी म्हणालो, अस्तर सगळीकडून चिकटव, एक इंचही मोकळं नको. तू डबा उघडलास, त्यात काडी फिरवलीस, वास घेतलास.

"पूरा चिकटवला तं मांडी शिजन तुही. मधात मोकळं पायजे. हवा जायले जागा नोको का?"

"मग सरकतं कशाला?"

"घाई केली म्हनून. तू दारात उभा होता ना, झालं का, झालं का करत. सुलोशनले वाळू द्या लागते."

मग तू मला दाखवलंस. कडेने एक बोट रुंदीची पट्टी, तीही पातळ, दोन्ही कातड्यांना. त्यानंतर हात बाजूला. नाक वीतभर अंतरावर नेल्यावर वास येईनासा झाला की बोटाची मागची बाजू हलकेच टेकवायची. बोट चिकटलं तर अजून थांबायचं. बोट सुटलं पण जाताना किंचित ओढलं गेलं, तर तीच वेळ. त्या वेळी जोडलेलं कातडं नंतर सुटत नाही. तोवर तू एका शब्दाने बोलायचा नाहीस. मी माझ्या धंद्यात इतका वेळ कशाचीच वाट पाहिली नाही.

कोरेवरून आपण त्याहून जास्त वर्षं भांडलो. पट्ट्याची कापलेली कड कशी बंद करायची याचे तुझ्याकडे तीन मार्ग होते. रंग लावायचा. किंवा कडेचे कोपरे तासून, पाणी लावून, शिंगाच्या तुकड्याने घोटायची आणि वर मेण द्यायचं. किंवा वरचं कातडं रापीने कागदासारखं पातळ करून आत मुडपायचं आणि शिवायचं. रंगाला तू हात लावत नव्हतास. घामाने महिनाभरात त्याच्या खपल्या निघतात आणि त्या मांडीत रुततात, हे मलाही पटलं होतं. पण घोटलेली कोर मला फार आवडायची. काळी, चकचकीत, दगडाच्या कडेसारखी. मुडपलेली कोर मला गोधडीच्या काठासारखी वाटायची. मी हट्ट धरला की सगळीकडून घोटलेलीच पाहिजे.

तू तशी करून दिलीस. तो पट्टा घालून मी चिचगडला एका बातमीला गेलो. रस्ता होता तिथवर गाडी गेली, पुढे जंगलातून पायी. परत येईपर्यंत जांघेजवळ सुरी फिरवल्यासारखी रेघ उमटली होती. तीन आठवडे मी घरी होतो. नंतर तुझ्याकडे येऊन ओरडलो, कडक होईल हे तुला माहीत होतं, मग सांगितलं का नाहीस?

"सांगतलं होतं. तू आयकून नाई राहिला," तू म्हणालास. "मांडीनं आयकलं."

तेव्हापासून बाहेरच्या बाजूला घोटलेली आणि आतल्या चार बोटांना मुडपलेली, अशी आपली तडजोड झाली. खरं तर ती तडजोड नव्हती. तू पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतंस.

आणखी एक नोंद करायला हवी. निवृत्त झालो त्या वर्षी मी तुझ्यासाठी हत्यारांचा एक संच मागवला होता. मऊ कापडात गुंडाळलेली, लाकडी मुठींची, एकसारखी चकाकणारी अकरा हत्यारं. कोर तासायचं वेगळं, कातडं पातळ करायचं वेगळं, टाक्यांची भोकं एका अंतरावर पाडायचं दात्यांचं वेगळं. तू एकेक हातात घेतलंस, बोटावर धार पाहिलीस आणि परत ठेवलंस.

"वैनीले दे. खोबरं किसायले होईन."

मी दुखावलो. तुझी रापी तुटलेल्या करवतीच्या पात्याची होती, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. मी म्हणालो, तुला नवं काही नकोच असतं.

"तसं नाई गा. हे सारे उजव्या हाताचे हायेत."

मी तुझ्या हातांकडे पाहिलं. रापी डाव्या हातात होती. वीस वर्षं तुझ्यासमोरच्या पाटावर बसून मी तुझ्याशी बोललो होतो, तुझ्यावर एकदा पाव पान लिहिलंही होतं, आणि तू डावखुरा आहेस हे मला दिसलं नव्हतं. संच तू छपरीतल्या खिळ्याला टांगून ठेवलास. आल्यागेल्याला दाखवायचास, पेपरवाल्यानं देल्ला म्हणून.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

होळी होऊन चार दिवस झाले होते. मी उजव्या पायाचा पट्टा दाखवायला आलो होतो. तू तो पाहिलासच नाहीस. "बूट काढ," म्हणालास. मी कॅलिपरच्या बुटाला हात घातला. "तो नाई. चांगल्या पायाचा."

मी डावा बूट काढून दिला. तू तो उलटा करून उजेडात धरलास.

"हे पाह्य. मांगच्या साली टाच बाहेरून झिजे. आता चवड्यापाशी झिजून राहिली. गुडघा लचकून राहिला तुहा. कवापासून?"

"काही लचकत नाही."

"मले कायले खोटं सांगते? चढता येते का पायरी, हात न धरता?"

मला येत नव्हती. दिवाळीपासून येत नव्हती. पोलिओ होऊन गेलेल्या माणसाचा शाबूत पायही म्हातारपणी दगा देतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि तो कागद दुमडून ठेवून दिला होता. बायको गेल्यापासून घरी मी एकटा असतो. मुलगी नागपूरला आहे, दर रविवारी फोन करते, पाय कसा आहे विचारते, मी ठीक म्हणतो. हे तिला कळलं की ती मला नागपूरला नेईल. गोंदियातलं घर बंद होईल. उरलेलं चालणं दोन खोल्यांत होईल. एवढं सगळं त्या बुटाच्या तळव्यावर तुझ्या हातात उघडं पडलं होतं, आणि मला ते सहन झालं नाही.

"मन्साराम," मी म्हणालो, "तू चपला शिव. डॉक्टरकी करू नको."

छपरीत आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांनी ऐकलं. हे वाक्य तुझ्या माणसांनी किती पिढ्या, कोणाकोणाच्या तोंडून ऐकलं असेल, हे मला माहीत होतं. त्यावर मी लेख लिहिले होते. वाक्य बाहेर पडत असतानाच ते मला ओळखू आलं होतं.

तू म्हणालास, "बरं."

बूट माझ्यासमोर ठेवलास आणि हातातली चप्पल पुन्हा शिवायला घेतलीस. मी जाताना तू एकच विचारलंस. जुनं कॅलिपर आणि जुन्या बुटांचा एक जोड माझ्याकडे पडून असेल तर पाठवून दे, लोखंड कामी येईल. मी रिक्षावाल्याकडून पाठवून दिलं. नंतर आठ महिने मी कामठ्याला आलो नाही. उन्हाळा गेला, रोवणी झाली, धान कापून झालं. तू आजारी आहेस असं दोनदा कानावर आलं. मी जाऊ म्हटलं. दोन्ही वेळा म्हटलंच फक्त.

तेरवीच्या पंगती उठल्यावर कौसल्या वैनींनी मला आत बोलावलं. पत्र्याची पेटी ओढली, कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. वर तुझी दोन धोतरं होती. खाली पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. "तुमचं होय," त्या म्हणाल्या.

मी पोतं सोडलं. आत एक पूर्ण कॅलिपर होतं. सळया माझ्याच जुन्या, पण लोहाराकडून उलट्या वाकवून घेतलेल्या. खाली माझा जुना डावा बूट बसवलेला. वर नवाकोरा मांडीपट्टा. ते डाव्या पायाचं कॅलिपर होतं.

नवाकोरा म्हणालो, ते चूक आहे. शिवण नवी होती, कातडं नवं होतं, पण ते कोणीतरी वापरलेलं होतं. मागच्या बाजूला, बसताना घडी पडते तिथे, घडी पडली होती. अस्तरावर घामाची सावळी कडा होती.

"ते फिरत होते ना ते घालून," वैनी म्हणाल्या. माझ्याकडे न पाहता, धोतराची घडी पुन्हा घालत. "लोक लोकाचे कपडे घालतेत. हे लोकाचा पाय घालून फिरत. दुपारी पाळीवर कोनी नसे तवा जात. आपला गुडघा बंद करून, तुमच्यावानी घसरत. मी म्हनो, लोक हासतीन, अंगात ताप हाय तुमच्या. तं म्हने, हासू दे. लागते कुठं ते पाहून राहिलो."

"पण माप?" मी विचारलं. "माझा पाय नव्हता त्याच्याकडे."

त्यांनी हातातलं धोतर पेटीच्या कडेवर ठेवलं.

"दवाखान्यातून आनलं तवापासून मांडी सुकून राहिली होती जी त्याहीची. रोज बोटानं मोजत. पहिले खूप मोठी होती. मंग कमी कमी होत गेली. दिवारीच्या आंगंमांगं एक दिवस हासत हासत म्हने, कौसल्ये, आलो आता पेपरवाल्याच्या मापात. त्या दिवशी कापलं कातडं."

हे मी जसं ऐकलं तसं लिहिलं आहे.

त्यांनी आणखी एक सांगितलं. तुला शेवटची आंघोळ घालताना तुझ्या डाव्या मांडीभोवती काळपट कडं दिसलं. दोन ठिकाणी फोड फुटून सुकले होते. भाऊबंदांनी विचारलं, हे का होय? वैनींनी वर कापड ओढलं. असं एक कडं माझ्या उजव्या मांडीभोवती पन्नास वर्षांहून अधिक काळ आहे. माझ्या डॉक्टरांनी आणि तू, एवढ्यांनीच ते पाहिलं आहे.

मी बूट उलटा केला. तळव्याला चिखल होता. पाळीचा असतो तसा राखाडी, त्यात धानाचा भुसा. मी अंगठा दाबला. अंगठ्याचा ठसा उमटला.

"हे पेटीत कधी ठेवलंत?"

"ते गेले त्याच दिवशी. पुसून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कशाले घरात उघडं ठेवायचं म्हनून कुलूप लावलं."

"पुसलं होतं? नक्की?"

वैनींनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं. नंतर पोतं माझ्या हातातून घेतलं आणि बूट पुन्हा झाकला. "घेऊन जा जी तुम्ही," त्या म्हणाल्या. "वाट पाहून राहिला तो."

कोण, हे मी विचारलं नाही.

शक्यता मी लिहून काढल्या आहेत. टेकचंदचा वार चुकला असेल. पण थ्रेशरवाल्याला मी फोन केला, मंगळवारच होता. दुसरा कोणी लंगडणारा माणूस पाळीवरून गेला असेल. गावात तसा कोणी नाही. दुःखात वैनींना पुसल्याचं वाटलं असेल, पुसलं नसेल. मग अकरा-बारा दिवस कुलपात चिखल ओला का राहिला? या प्रकरणात एकच बाजू उरते आणि ती तुझी आहे. तिच्याशी संपर्क होऊ शकला नाही.

मांडीपट्टा पूर्ण नव्हता. बाहेरची कोर घोटून, मेण देऊन झाली होती. आतली चार बोटं मोकळी होती. वरचं कातडं मुडपण्यापुरतं वाढीव ठेवलेलं, पण पातळ केलेलं नव्हतं. अस्तर तिथे उघडं होतं. टाक्यांची भोकं मात्र अस्तराला आधीच पाडलेली होती, नऊ भोकं.

आठवडाभर ते कॅलिपर मी घराच्या कोपऱ्यात उभं ठेवलं. गावातल्या दुसऱ्या कारागिराकडे देता आलं असतं. तसंच ठेवून देताही आलं असतं. माझा पाय शाबूत आहे असं म्हणत राहायला त्या चार बोटांची सबब पुरेशी होती. अपुरं काम कोण घालतं? त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात दोनदा पडलो. दुसऱ्यांदा उठायला बराच वेळ लागला. फरशीवरून कॅलिपर दिसत होतं. बुटाचं तोंड माझ्याकडे होतं. मी ते भिंतीकडे करून ठेवलं होतं असं मला आठवतं, पण याची नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. तुझा सुलोशनचा डबा वाळून रबर झाला असणार, हे उघड होतं. दुकानदाराने माझ्या पायाकडे पाहिलं.

"कौन सा दूँ, भैया? पीला कि सफेद? चप्पल का काम है?"

"पैर का."

"पैर चिपकाओगे क्या?"

पांढरं पाण्याचं असतं, वास कमी, वाळायला वेळ, पण वाळल्यावर मऊ राहतं. पिवळं पटकन धरतं, घट्ट धरतं, वास डोक्यात जातो, उन्हाळ्यात सैल पडू शकतं. तू पिवळंच वापरायचास, फक्त कडेला, आणि बाकीचा भार दोऱ्यावर टाकायचास. मी पिवळं घेतलं आणि कामठ्याला गेलो. काम तुझ्या छपरीतच करावं असं वाटलं. वैनींनी पाट टाकून दिला आणि त्या आत गेल्या.

आधी मी खिळ्यावरचा माझा संच उतरवला. त्यातलं कातडं पातळ करायचं हत्यार घेतलं. ते उजव्या हाताचं होतं, मीही उजव्याच हाताचा आहे, म्हणजे सगळं जुळत होतं. वाढीव कातड्याच्या एका टोकाला मी ते लावलं आणि दुसऱ्याच ओढीला ते आत रुतलं. कातड्यावर नखाएवढा कोरडा ओरखडा पडला. आणखी एक ओढ चुकली असती तर मुडप फाटली असती. मग मी तुझी रापी घेतली. उजव्या हातात ती चालेना, धार दुसऱ्या अंगाला होती. ती मी डाव्या हातात घेतली.

डाव्या हाताने मी आयुष्यात नाव लिहिलेलं नाही. मूठ मात्र हाताला ओळखीची वाटली. ट्यूबच्या पट्टीवर तुझ्या बोटांचे खळगे होते आणि माझी बोटं त्यांत उतरली. कातडं साल निघाल्यासारखं निघत गेलं. न अडखळता, एकसारखं, चार बोटं. मी हात थांबवून पाहिलं तेव्हा काम झालेलं होतं. मी ते केलं, असं मला म्हणायला हवं.

सुलोशन पातळ लावलं, दोन्हीकडे, एक बोट रुंद. वाट पाहिली. वास गेला. बोटाची मागची बाजू टेकवली, बोट सुटलं, जाताना किंचित ओढलं गेलं. मी कातडं आत मुडपलं. मुडप किती आत येते हे कातड्याच्या जाडीवर असतं, आणि जाडी मी आत्ता ठरवली होती, तीही ज्या हाताला हे येत नाही त्या हाताने. मुडपीची कडा तू आधीच पाडलेल्या भोकांच्या अगदी लगत येऊन थांबली. नऊच्या नऊ. मी मेणाचा दोरा ओवला आणि शिवलं. टाके माझे आहेत, ते कोणालाही ओळखू येतील.

नंतर तिथेच, छपरीत, मी डाव्या पायाला ते चढवलं. पट्ट्याला तू तीनच भोकं ठेवली होतीस. मधलं लागलं. भिंत धरून उभा राहिलो. दोन्ही गुडघे बंद झाले, एकामागून एक. छपरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि आलो. पुन्हा गेलो. नवं कातडं मला महिनाभर चावतं. पहिला फोड कुठे येईल हे मी सांगू शकतो, दुसरा कुठे तेही. मी त्यांची वाट पाहत चाललो. काहीच लागलं नाही. तो महिना तू आधीच चालून टाकला होतास.

त्या रविवारी मुलीचा फोन आला. तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "बाबा, पाय कसा आहे?"

"कोणता?" मी म्हणालो.

मी सांगितलं की डाव्यालाही आता कॅलिपर लागलं आहे. पायरी चढता येत नाही. या आठवड्यात दोनदा पडलो.

"कधीपासून चाललंय हे?" तिचा आवाज चढला. "कोणाला दाखवलंत? कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं?"

"मन्सारामनं. होळीनंतर."

"काकांनी? होळीला? आणि तुम्ही..." ती थांबली. ती माझीच मुलगी आहे. मग खालच्या आवाजात म्हणाली, "काका नेमकं काय म्हणाले? शब्द न शब्द सांगा."

मी तुझी वाक्यं सांगितली, तुझ्याच बोलीत, एकही न गाळता. मग त्यावरचं माझं ते एक वाक्यही सांगितलं.